मोहोराआधी खोड तपासा: आंब्यावरचे तुडतुडे

पाऊस सरला, हापूसच्या कलमांना पालवी फुटू लागली की सगळ्यांचं लक्ष मोहोराकडे लागतं. तुडतुड्यांचा बंदोबस्त करायचा असेल तर आत्ता खोड बघा. मोहोर नसताना हा किडा बाग सोडून जात नाही. सालीच्या भेगांत, बेचक्यांत, झाडाच्या आतल्या दमट अंधारात तो दडून बसतो. ज्या जुन्या, दाट बागेत भर दुपारीही जमिनीवर ऊन पडत नाही, तिथूनच सुरुवात करा.

खोडावरून हात फिरवा. पाचरीच्या आकाराचे, रुंद डोक्याचे, चार-पाच मिलिमीटरचे तपकिरी किडे तिरके सरकत पलीकडे पळतील, नाहीतर टुणकन उडी मारतील. संख्या फार वाढली असेल तर पानांत त्यांच्या उड्यांची टपटप ऐकूसुद्धा येते. यांना फुलकिडे समजू नका; ते याहून खूप बारीक आणि सडपातळ असतात.

आपल्याकडे मुख्य जाती तीन आणि तिन्ही मूळच्या इकडच्याच. त्यांची शास्त्रीय नोंद १८८९ सालची आहे. भिंगातून पंखांच्या मुळाशी पाठीवरचा छोटा त्रिकोण बघा. त्यावर दोन ठिपके आणि किडा मोठा असेल तर तो ॲम्रिटोडस ॲटकिन्सोनी. खोडावर बहुधा हाच सापडतो. दोनच ठिपके, पण किडा लहान आणि डोक्यावरही काळे ठिपके असतील तर इडिओस्कोपस क्लायपिॲलिस. तीन ठिपके आणि पंखांवर आडवा पांढरा पट्टा असेल तर इडिओस्कोपस निव्हिओस्पार्सस. हे शेवटचे दोघे पानांवर आणि मोहोरावर जास्त दिसतात, म्हणून नुसतं खोड बघून निर्धास्त राहू नका.

मादी कोवळ्या पानाच्या शिरेत आणि मोहोराच्या दांड्यात अंडी घालते. पिल्लं रस शोषतात, मोहोर सुकून गळतो. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी चढते. पानं चकचकीत, हाताला चिकट लागली की वरच्या फांदीवर किडा आहे असं समजा.

आत्ता मोठी छाटणी नको. वाळलेल्या, रोगट फांद्या तेवढ्या काढा. मधल्या फांद्या विरळ करायचं काम आंबा उतरवल्यावर करा. पहिली फवारणी मोहोरापूर्वी, पालवीवर घ्या आणि फवारा खोडापर्यंत, आतल्या फांद्यांपर्यंत पोहोचवा. औषध आणि प्रमाण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या चालू वर्षाच्या वेळापत्रकातूनच घ्या. एकाच रासायनिक गटातलं औषध लागोपाठ मारू नका. फुलं उमलल्यावर शक्यतो फवारणी टाळा, कारण परागीभवन करणाऱ्या माश्या त्याच वेळी मोहोरावर असतात.