फ्यूजनची यादी हाती आली, की आधी बाण काढा

कॅन्सर जिनॉमिक्समध्ये नव्याने आलेल्याच्या हाती लवकरच आरएनए-सीक्वेन्सिंगमधून (पेशीतल्या आरएनएचा क्रम वाचण्यातून) निघालेली फ्यूजनची, म्हणजे एकमेकांना जोडल्या गेलेल्या दोन जनुकांची, लांबलचक यादी पडते. तिच्यातली बरीच नावं खोटी असतात. शेजारची दोन जनुकं एका दमात वाचली गेली, किंवा आरएनएवरून डीएनए बनवणाऱ्या रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज एन्झाइमने मध्येच साचा बदलला, तरी फ्यूजन दिसतं. रीड्सच्या (वाचलेल्या छोट्या तुकड्यांच्या) संख्येची चाळणी सगळेच लावतात. मी मात्र आधी कागद-पेन्सिल घ्यायला सांगते.

दोन्ही जनुकं कुठे आहेत आणि कुठल्या दिशेने वाचली जातात, ते बाणांनी काढा. प्रोस्टेट कॅन्सरमधलं टीएमपीआरएसएस२-ईआरजी: दोन्ही २१व्या गुणसूत्रावर, बाण एकाच दिशेचे, मध्ये सुमारे ३० लाख बेस. मधला तुकडा गळला की काम झालं. फुप्फुसाच्या कॅन्सरमधलं ईएमएल४-एएलके: दोन्ही २ऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर, पण बाण विरुद्ध. इथे नुसता तुकडा गळून भागत नाही, तो उलटा बसावा लागतो. लहान मुलांच्या मेंदूतल्या पायलोसिटिक अ‍ॅस्ट्रोसायटोमा या गाठीत केआयएए१५४९-बीआरएएफ सापडतं. तिथे बाण एकाच दिशेचे, पण क्रम उलटा: फ्यूजनमध्ये नंतर येणारं बीआरएएफ गुणसूत्रावर बाणाच्या दिशेने आधी येतं. मधला पट्टा दुप्पट होऊन लागोपाठ बसला, तरच हे जुळतं. मला सगळ्यात आवडणारं उदाहरण हेच. रक्ताच्या कॅन्सरमधलं बीसीआर-एबीएल१ त्यामानाने सरळ: ९ आणि २२ या गुणसूत्रांची अदलाबदल, अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ जॅनेट राउली यांनी १९७३ मध्ये दाखवलेली.

बाण यांपैकी कुठल्याच प्रकाराशी जुळत नसतील, तर नोंदीकडे संशयाने बघा. लगेच खोडू मात्र नका. क्रोमोथ्रिप्सिसमध्ये गुणसूत्राचे तुकडे होऊन ते कसेही जोडले जातात.

डीएनए मुळात का तुटतो, याची उत्तरं अनेक. लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये प्रतिकारशक्तीची जनुकं कापून जोडणारं आरएजी एन्झाइम चुकीच्या जागी कापतं. एटोपोसाइडसारखी कॅन्सरची औषधं टोपोआयसोमरेज-२ (डीएनएचा पीळ सोडवणारं एन्झाइम) ने केलेले काप उघडेच ठेवतात. उपचारानंतर उद्भवणाऱ्या काही ल्युकेमियांत केएमटी२ए हे जनुक तुटलेलं आढळतं ते यामुळे. पेशी मग सुटी टोकं घाईने जोडते.

ही तुटण्याची जागा बहुधा इंट्रॉनमध्ये (जनुकातल्या, प्रथिनाचा मजकूर नसलेल्या भागात) असते, कारण इंट्रॉन लांब असतात. म्हणून डीएनएतली नेमकी जागा प्रत्येक रुग्णात वेगळी, पण स्प्लायसिंगनंतर (इंट्रॉन काढून टाकल्यावर) आरएनएतला सांधा अनेकांत तोच. निदानासाठीचे प्रायमर (चाचणीत ठरावीक जागा शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) ठरवताना हे फार उपयोगी पडतं. पुढे रीडिंग फ्रेम (तीन-तीन अक्षरांनी वाचण्याची रांग) टिकली का, आणि पेशीला संदेश देणारं कायनेज एन्झाइम असेल तर त्याचं डोमेन (काम करणारा भाग) शाबूत आहे का, तेही तपासा.

बर्किट लिम्फोमातली आयजीएच-एमवायसी अदलाबदल मात्र या यादीत बहुधा दिसणारच नाही. तिथे जोडप्रथिन बनत नाही. एमवायसी अख्खंच राहतं, फक्त आयजीएच या प्रतिपिंडाच्या जनुकाच्या एन्हान्सरच्या (जनुकाचं काम वाढवणाऱ्या डीएनएच्या तुकड्याच्या) ताब्यात जातं. त्यासाठी एफआयएसएचचा, म्हणजे चमकत्या खुणांनी गुणसूत्रावरची जनुकाची जागा दाखवणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट मागवा.