घोडेस्वारीची शाळा बदलावी का? आधी घोड्याची पाठ बघा

प्रगती थांबली म्हणून लगेच शाळा बदलू नका. आधी प्रशिक्षकांकडे दोन गोष्टी मागा: वेगळा घोडा आणि लाँजच्या दोरीवर (प्रशिक्षक मध्ये उभे राहून लांब दोरीने घोडा गोल फिरवतात) तीन-चार तास, रिकिबीशिवाय (पाय ठेवायच्या कड्यांशिवाय). दुडकीत तोल जात असेल तर तो बहुधा इथेच सुधारतो. स्पष्ट मागूनही टोलवाटोलवी झाली, तर शोध सुरू करा.

नवी शाळा पाहताना पहिल्या दिवशी घोड्यावर बसूच नका, कठड्याशी उभे राहून एक पूर्ण तास बघा. प्रशिक्षक नुसतं “टाचा खाली” ओरडतात, की टाच का वर जाते (बरेचदा गुडघा आवळल्यामुळे) तेही सांगतात? मग खोगीर उतरवतानाची वेळ साधा. घामाने भिजलेल्या पाठीवर खोगिराखाली मध्येच कोरडा चट्टा राहिला, तर तिथे दाब पडत असण्याची शक्यता असते. गडद रंगाच्या घोड्याच्या पाठीवर पांढऱ्या केसांचे ठिपके ही बहुधा जुन्या जखमेची खूण. तंग (खोगिराचा पोटाखालचा पट्टा) आवळताना घोडा कान मागे पाडून चावायला वळत असेल, तर त्याला दुखतंय असंच आधी धरा. नाल साधारण 6 ते 8 आठवड्यांनी काढून खूर कापावे लागतात. शेवटचं काम कधी झालं, हे थेट विचारा.

एका घोड्यावर दिवसात किती तास होतात, हेही विचारा. उत्तर टाळलं तर तिथे जाऊ नका.

पैसे एकेका तासाचेच भरा. नव्या घोड्याची चाल अंगवळणी पडायला तीन-चार तास जातात, त्यामुळे पहिल्याच तासावरून ठरवू नका.