कोकणात मुक्कामाला निघालात? त्सुनामीची तयारी पुण्यातूनच करा

पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे घरी त्सुनामीची काळजी नाही. पण ताम्हिणी घाट उतरून दिवेआगर-श्रीवर्धनला मुक्काम करायचा असेल तर एवढं करूनच निघा.

समुद्राचा तळ भूकंपाने वर उचलला किंवा खाली खचला की त्यावरचं सगळं पाणी तळापासून हलतं. ४,००० मीटर खोलीवर ही लाट ताशी ७०० किलोमीटरने धावते. उथळ पाण्यात वेग घटतो आणि उंची वाढते. वाऱ्याची लाट फुटून परत जाते, ही मात्र कित्येक मिनिटं आत येतच राहते. म्हणून गुडघाभर लोंढाही माणसाला पाडतो.

कोकणाला मुख्य धोका पाकिस्तान-इराणजवळच्या मकरान किनाऱ्याकडून. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे मोठा भूकंप झाला आणि काही तासांनी लाटा मुंबईला पोचल्या. म्हणजे कोकणात जमीन हादरलेली जाणवेलच असं नाही! इशाऱ्यावरच भिस्त. हैदराबादचं इन्कॉइस हे सरकारी महासागर माहिती केंद्र तो देतं. आपत्तीचे सरकारी इशारे देणारं ‘सचेत’ ॲप निघण्यापूर्वीच फोनवर घ्या, नकाशाही उतरवून ठेवा.

पोचल्यावर सामान टाकलं की आधी उंच जागा हेरा: ३० मीटर उंची, नाहीतर किनाऱ्यापासून ३ किलोमीटर आत. एकदा चालत जाऊन बघा, किती मिनिटं लागतात ते. रस्ता खाडीकाठचा नको, कारण पाणी खाडीतून गावाच्या मागूनही शिरतं. गाडी काढायचा मोह टाळा; अरुंद रस्ते लगेच तुंबतात. वेळच नसेल तर भक्कम आरसीसी इमारतीचा तिसरा मजला किंवा त्याहून वरचा. कौलारू घराचा माळा चालणार नाही.

ओहोटी ओळखायला शिका. रोजची ओहोटी सुमारे सहा तास घेते. काही मिनिटांत पाणी हटून तळ उघडा पडला तर शिंपले वेचायला पुढे जाऊ नका, उलट पळा. कधी पाणी आधी न हटताच चढतं, तेव्हा या खुणेची वाट बघत बसू नका.

पहिली लाट ओसरली म्हणून खाली उतरू नका. पुढची दहा मिनिटांनी येते, कधी तासाभराने, आणि ती जास्त मोठीही असू शकते. प्रशासनाने धोका टळल्याचं सांगेपर्यंत वरच थांबा. खाली गावात परतल्यावर विहिरीचं पाणी पिऊ नका. त्यात खारं पाणी आणि मैला मिसळलेला असतो.