कपडे अंगाला चिकटत असतील तर आधी ड्रायर लवकर थांबवा

माझी मुलगी चार वर्षांची असताना रात्री तिचा स्वेटर डोक्यावरून काढला की अंधारात निळसर ठिणग्या दिसायच्या. बारीक तडतड ऐकू यायची, केस ताठ उभे राहायचे आणि ती दचकून माझ्याकडे बघायची. एकदा कानाच्या पाळीला चांगलाच चटका बसला, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने तो स्वेटर घालायचंच सोडलं. आत पॉलिस्टरचा शर्ट, ड्रायरमधून कडकडीत वाळून निघालेला, आणि वर लोकरीचा स्वेटर. त्या हिवाळ्यात मी आमच्या धुण्याची एकेक सवय बदलत गेले. सुगंधी सॉफ्टनर आणि ड्रायरमध्ये टाकायचे सुगंधी कागद तिच्या त्वचेला सोसत नव्हते, म्हणून त्यांच्याशिवाय जे जमलं तेवढंच इथे सांगते.

दोन वेगळ्या जातीची कापडं एकमेकांना घासून वेगळी झाली की एकाचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याकडे जातात. लोकर आणि नायलॉन ते सहज सोडतात, पॉलिस्टर ओढून घेतं. म्हणजे आमच्या घरातली ती जोडी सगळ्यात वाईट होती. हा साठलेला विद्युतभार (म्हणजेच स्थिर वीज) कापडावर पाण्याचा अंश असेल तर हळूच निघून जातो, कापड ठणठणीत कोरडं असेल तर तिथेच अडकून बसतो, आणि मग कपडे चिकटतात, ठिणग्या उडतात. २० अंश सेल्सिअस तापमान आणि ६५ टक्के आर्द्रता असलेल्या हवेत सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८ टक्के पाणी धरून ठेवतं, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास, नायलॉन ४ आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. दोनशे ग्रॅमचा सुती शर्ट घ्या: हाताला कोरडा लागला तरी त्यात तीन चमचे पाणी मुरलेलं असतं. तेवढ्याच वजनाच्या पॉलिस्टरच्या शर्टात एक ग्रॅमसुद्धा नसतं. हा फरक मला कळला तेव्हा बाकीचं सगळं आपोआप उलगडलं. तिच्या स्वेटरच्या आत मी सुती शर्ट घालायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात ठिणग्या थांबल्या.

आता ड्रायर. सगळा घोळ इथेच होतो, कारण गरम, कोरड्या हवेत कपडे तासभर एकमेकांवर आपटत, घासत राहतात. सुती टॉवेल आणि चादरी वाळायला वेळ लागतो, पॉलिस्टरचे कपडे वीस-पंचवीस मिनिटांत वाळतात. दोन्ही एकत्र टाकले तर टॉवेल वाळेपर्यंत पॉलिस्टर नुसतंच भाजत आणि घासत राहतं. म्हणून धुवायला एकत्र टाका हवं तर, पण वाळवताना वेगळे करा. मी तर पॉलिस्टर, नायलॉन, ॲक्रिलिक असं काहीही ड्रायरमध्ये घालतच नाही. मशीनमधून काढते, एकदा जोरात झटकते आणि दोरीवर टाकते. हे कपडे इतके पटकन वाळतात की ड्रायरची गरजच पडत नाही.

सुती कपडेही पूर्ण वाळेपर्यंत ठेवू नका. शिवणीपाशी, खिशाच्या तळाशी, कॉलरच्या घडीत हात लावून बघा. तिथे किंचित सर्द लागत असेल आणि बाकी कापड कोरडं असेल, तर तीच वेळ काढायची. घड्याळाच्या हिशेबाने वाळवण्यापेक्षा ओलावा ओळखणारा सेन्सर असेल तर तो लावा, आणि ‘जास्त कोरडे’ हा पर्याय विसरून जा. काढलेले कपडे अर्धा तास खुर्चीच्या पाठीवर किंवा दोरीवर मोकळे टाका, उरलेला ओलावा हवेत जातो. घाईने घडी घालून कपाटात ठेवलेत तर मात्र कुबट वास येईल, तेवढं सांभाळा.

कधी विसरलात आणि कपडे कडक वाळलेच, तर एक छोटा सुती नॅपकिन ओला करून घट्ट पिळा आणि शेवटची दहा मिनिटं त्यांच्यासोबत फिरू द्या. उष्णता कमी ठेवा. मशीन थांबल्याबरोबर कपडे बाहेर काढा आणि एकेक झटका. झटकण्याला लोक किरकोळ समजतात, पण मोजे चादरीच्या कोपऱ्यात जाऊन चिकटलेले सापडतात ते ढिगारा तसाच पडून राहतो म्हणून.

व्हिनेगरबद्दल सगळ्यात जास्त विचारलं जातं. शेवटच्या विसळणीच्या पाण्यात पांढरं व्हिनेगर अर्धा कप, सॉफ्टनरच्या कप्प्यातून. साबणाचा उरलेला क्षार त्याने निघतो, कापड मऊ लागतं, आणि वाळल्यावर वास राहत नाही. चिकटणं मात्र माझ्या अनुभवात थोडंच कमी होतं. लवकर काढण्याने जेवढा फरक पडतो त्याच्या जवळपासही नाही. मी ते टॉवेलांसाठी महिन्यातून एक-दोनदा वापरते. दर धुण्याला वापरू नका, आम्लाने मशीनमधलं रबर खराब होऊ शकतं. आणि एक गोष्ट अगदी कळकळीने सांगते: ज्या धुण्यात ब्लीच घातलं आहे त्यात व्हिनेगर कधीही घालू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, तो फुप्फुसांना घातक आहे. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र घालण्यातही अर्थ नाही. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांचा गुण मारून टाकतात.

ड्रायरमध्ये कपड्यांसोबत टाकायचे लोकरीचे गोळे मी वर्षभर वापरले. कपड्यांमध्ये हवा खेळती राहते, त्यामुळे लवकर वाळतात, आणि लवकर वाळले की मशीन लवकर थांबवता येतं. त्यांचा उपयोग एवढाच. ॲल्युमिनियम फॉइलचा गोळा टाकायचा असेल तर चांगला दाबून गुळगुळीत करा, सुटी टोकं राहिली तर नाजूक कापडात अडकतात.

घरातल्या हवेकडेही बघा. हिवाळ्यात हीटर लावलेल्या खोलीत आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली सहज जाते, आणि मग कितीही जपून धुतलं तरी कपडे चिकटतात. ४० ते ५० टक्के असली की त्रास बराच कमी होतो. मी आर्द्रतामापक लावला आहे, आणि आकडा उतरला की धुतलेले कपडे रात्री त्याच खोलीत स्टँडवर वाळत घालते. कपडेही वाळतात, हवाही ओलावते. खिडकीच्या काचेवर पाणी जमू लागलं तर थांबा, नाहीतर भिंतीला बुरशी धरेल.

घालताना चिकटलं तर? हात ओले करून झटका, आणि तळवा स्कर्टच्या अस्तरावरून आतल्या बाजूने एकदा खाली फिरवा. पायांना मॉइश्चरायझर लावलेलं असेल तर अस्तर कमी गुंडाळतं, कारण कोरडी त्वचा आणि नायलॉन यांचं घासणं त्रासदायक. धातूचा हँगर कपड्याच्या आतून लांबीला फिरवला तरी साठलेला भार त्यातून निघून जातो. त्या चटक्याने इजा होत नाही, भार अगदी थोडा असतो, जरी व्होल्टेज ऐकायला भीतीदायक असलं तरी: साधारण ३,००० व्होल्टच्या खाली ठिणगी आपल्याला जाणवतही नाही. मात्र पेट्रोल सांडलेले कपडे ड्रायरमध्ये कधीच घालू नका. तिथे तीच ठिणगी आग लावू शकते.

आणि सगळ्यात छोटा उपाय सेफ्टी पिनचा. स्कर्टच्या किंवा पँटच्या आतल्या बाजूला, खालच्या शिवणीत, बाहेरून दिसणार नाही अशी एक पिन लावा. धातूमधून भार निसटतो आणि कापड मोकळं पडतं. माझ्या राखाडी स्कर्टला ती कायम असते, नायलॉनच्या अस्तराच्या डाव्या शिवणीत. धुवायला टाकताना तेवढी काढून ठेवते, नाहीतर गंजाचा तपकिरी ठिपका कापडावर बसतो आणि तो निघता निघत नाही.