टस्कनीत गाडीने खात-पीत फिरायचंय? मग या चुका टाळा

इटलीतल्या टस्कनीला निघालेल्या मंडळींचं वेळापत्रक पाहिलं की ते बहुतेक वेळा असं असतं: सकाळी फ्लॉरेन्स सोडायचं, ग्रेव्हेत कॉफी, सान जिमिन्यानोचे मनोरे, सिएनात जेवण, दुपारी मोंताल्चिनोत वाइन, पिएन्झात सूर्यास्त, रात्री मोंतेपुल्चानोत मुक्काम. नकाशावर सगळं कसं हाताच्या अंतरावर दिसतं. प्रत्यक्षात सिएनाला पोचेपर्यंत अडीच वाजून गेलेले असतात, हॉटेलांची स्वयंपाकघरं बंद झालेली असतात, वायनरीतली ठरलेली वेळ हुकते आणि सूर्यास्त गाडीच्या काचेतून बघावा लागतो.

या सहलीतल्या बहुतेक अडचणी इथेच सुरू होतात. आपण रस्ता आधी आखतो आणि जेवण त्यात कुठेतरी कोंबतो. या भागात उलटं करायला हवं. दुपारचं जेवण दिवसाच्या मधोमध ठेवा आणि बाकीचं त्याच्या अलीकडे-पलीकडे बसवा.

अंतराचंच बघा. फ्लॉरेन्स ते सिएना साधारण सत्तर किलोमीटर. चौपदरी, बिनटोलच्या रस्त्याने तासा-सव्वा तासात होतात. पण ज्यासाठी आपण आलो ती कियांतीची टेकाडं त्या रस्त्यावरून नीट दिसत नाहीत. ती एसआर २२२ वर, म्हणजे ग्रेव्हे, पान्झानो, कास्तेल्लिना या गावांतून जाणाऱ्या ‘कियांतिजाना’वर आहेत, आणि तिथे न थांबतासुद्धा दोन तास धरावे लागतात. इथली जुनी गावं डोंगरमाथ्यावर वसलेली आहेत. सिंहगडावरून राजगड समोर दिसतो म्हणून तो अर्ध्या तासावर येत नाही, तसंच हे. प्रत्येक गावासाठी एक उतार, एक दरी आणि पुन्हा एक चढ.

म्हणून रोज हॉटेल बदलू नका. तीन रात्री कियांतीत (राद्दा, गायोले, कास्तेल्लिना यांपैकी कुठेही) आणि तीन रात्री दक्षिणेला वाल दोर्चा खोऱ्यात, पिएन्झा किंवा सान क्विरिकोच्या आसपास, एवढं पुरे. सकाळी एक गाव, दुपारी जेवण, नंतर फार तर एक वायनरी. यादीतलं काही राहिलं तर राहू द्या.

हिरव्या टेकड्या ऑगस्टमध्ये शोधू नका

फोटोतले ते मखमली हिरवे उतार म्हणजे गव्हाची शेतं, आणि ती एप्रिल-मेमध्ये हिरवी असतात. जूनअखेर-जुलैत कापणी झाली की सगळं खोरं पिवळं, मग मातकट होतं. तेही देखणं असतं, पण शाळेच्या सुट्टीचा हिशेब करून ऑगस्टमध्ये गेलेली माणसं हिरमुसतात. त्यात १५ ऑगस्टला ‘फेर्रागोस्तो’, म्हणजे अख्खी इटली सुट्टीवर. सिएनात २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोड्यांची शर्यत असते. ती बघायची नसेल तर त्या दिवसांत सिएनाकडे फिरकू नका, खोली मिळणार नाही.

नाशिकच्या वायनऱ्या फिरलेल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते. टस्कनीत ती सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत चालते. त्या दिवसांत मळे बघण्यासारखे असतात खरे, पण लहान वायनरीचा मालक तेव्हा स्वतः तोडणीत आणि टाक्यांपाशी गुंतलेला असतो. निवांत गप्पा हव्या असतील तर मे महिना जास्त चांगला.

भूक लागली की जेवू, असं इथे चालत नाही

दुपारचं जेवण साडेबारा ते अडीच. रात्रीचं साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद, आणि खेड्यातली दुकानंसुद्धा एक ते साडेतीन-चार बंद. पुणेकरांना यात नवल वाटायचं कारण नाही. शिवाय प्रत्येक हॉटेलाचा आठवड्यातला एक सुट्टीचा दिवस असतो आणि लहान गावात एकच हॉटेल असलं तर तो दिवस उपवासाचा. आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवा. शेतघरात, म्हणजे ‘आग्रितुरिस्मो’त उतरला असाल तर रात्री जेवणार की नाही ते सकाळीच सांगावं लागतं, संध्याकाळी विचारलंत तर नकार येईल.

तीन वाजता उपाशी अडकलातच, तर गावातला ‘बार’ शोधा. बार म्हणजे इथे कॉफी, पानिनी आणि पेस्ट्री मिळण्याची जागा, लहान मुलांनाही खुशाल न्या. मोठ्या गावातलं सुपरमार्केट बहुधा दुपारीही उघडं असतं. पिएन्झाचं पेकोरिनो चीज, टोमॅटो आणि पाव घेतला की भागतं. पाव अळणी लागला म्हणून तक्रार करू नका. टस्कनीचा पाव बिनमिठाचाच असतो, तो खारट चीज आणि हॅमसोबत खायचा असतो.

‘व्हेज’ एवढं सांगून भागत नाही

शाकाहाऱ्यांनी टस्कनीची धास्ती घ्यायचं काहीच कारण नाही. हा मुळात शेतकऱ्यांचा गरीब स्वयंपाक. रिबोल्लिता म्हणजे पांढरे घेवडे, काळपट कोबीची पानं आणि शिळा पाव घालून शिजवलेलं दाट सूप. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे टोमॅटोत शिजवलेला शिळा पाव. पावाच्या फोडणीवर वाढलेल्या माणसाला तो पहिल्या घासाला कळतो. उन्हाळ्यात पान्झानेल्ला नावाची पावाचीच कोशिंबीर. आणि सिएनाच्या दक्षिणेला पीची, म्हणजे हाताने वळलेल्या जाड शेवया. त्या ‘आल्लायोने’ मागवल्या की टोमॅटो आणि वाल दि कियानातल्या भल्याथोरल्या लसणाच्या रसात येतात. कांदा-लसूण वर्ज्य असलेल्यांनी ‘काचो ए पेपे’ घ्यावं. त्यात चीज आणि मिरी, बास.

अडचण पदार्थांच्या नावात नसते, आत काय पडलंय त्यात असते. रिबोल्लितात कधी डुकराच्या मांसाचा तुकडा असतो, सूप मांसाच्या पाण्यात केलेलं असू शकतं, कुरकुरीत पावावरचा तपकिरी लेप म्हणजे कोंबडीचं काळीज, आणि पांढरी पारदर्शक चकती म्हणजे ‘लार्दो’, डुकराची चरबी. भाजीत अँकोव्ही मासेही लपलेले असतात. म्हणून ‘सोनो वेजेतारियानो’, म्हणजे ‘मी शाकाहारी’ (बाईने ‘वेजेतारियाना’), एवढं सांगून थांबू नका. पुढे ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे’ (मांस नको, मासे नकोत) जोडा आणि सूपाबद्दल ‘ब्रोदो दि कार्ने?’ (मांसाचं पाणी आहे का?) असं वेगळं विचारा. चीजचं म्हणाल तर पार्मिजानो रेज्जानोत वासराच्या जठरातलं रेनेट (दुधाचं चीज करणारं विरजण) वापरणं नियमानेच बंधनकारक आहे. चालणार नसेल तर तेही सांगावं लागेल. चालवून घ्यायचं असेल तर प्रश्न विचारूच नये, असं माझं मत.

गोमांस न खाणाऱ्या मांसाहाऱ्यांची फसगत ‘रागू’त, म्हणजे खिम्याच्या सॉसात होते. नुसतं रागू लिहिलं असेल तर त्यात गोमांस आहे असंच समजा. ‘चिंग्याले’ म्हणजे रानडुक्कर, ते इथलं वैशिष्ट्य आहे. गोमांस खाणाऱ्यांसाठी फियोरेन्तिना स्टेकची एक सूचना: यादीतला भाव अख्ख्या तुकड्याचा नसून किलोचा किंवा शंभर ग्रॅमचा असतो, आणि तुकडा बहुधा किलोच्या वरच भरतो. तो आतून लालच येणार. ‘नीट शिजवून द्या’ म्हणण्यापेक्षा दुसरं काहीतरी मागवा.

बिलावर माणशी ‘कोपेर्तो’ लागतो, तो टेबलाचा आणि पावाचा आकार असतो. त्यावर वाद घालू नका, आणि तो दिल्यावर टीपची सक्तीही नाही.

घोट मोजा

इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे. परवाना मिळून तीन वर्षं झाली नसतील तर शून्य. चार-पाच वाइनची चव घेतली की बघता बघता दीड-दोन ग्लास पोटात जातात, आणि मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो सहज चौदा टक्क्यांच्या घरात असते. दिवसात तीन वायनऱ्या लावणाऱ्यांनी हा हिशेब केलेला नसतो. चालवणाऱ्याने थुंकावं. टेबलावरचं ते भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं, जाणकार तेच करतात, त्यात यजमानाचा अपमान नाही. नाहीतर बाटली घ्या आणि मुक्कामी जाऊन निवांत उघडा. माझ्या मते या सहलीतली सगळ्यात चांगली वाइन तीच लागते, कारण नंतर कुठे जायचं नसतं.

वायनरीत न सांगता धडकू नका. लहान ठिकाणी टेस्टिंग घरातलंच माणूस करतं, आधी ईमेलवर वेळ घ्यावी लागते, आणि रविवारी पुष्कळ ठिकाणं बंद असतात.

विकत घेताना नावांत गफलत होते. ‘कियांती’ मोठ्या प्रदेशात होते. ‘कियांती क्लास्सिको’ फक्त फ्लॉरेन्स आणि सिएनाच्या मधल्या टापूतली, जिची पहिली हद्द तिसऱ्या कोसिमो मेदिचीने १७१६ मध्ये आखली. तिच्या बाटलीवर काळा कोंबडा असतो आणि आत किमान ऐंशी टक्के सांजोवेझे द्राक्ष. ब्रुनेल्लो पूर्ण सांजोवेझेची, आणि तोडणीनंतरच्या पाचव्या वर्षाच्या जानेवारीआधी ती बाजारात येऊच शकत नाही, म्हणून महाग. खिसा आखडता असेल तर त्याच मळ्यांतली ‘रोस्सो दि मोंताल्चिनो’ मागा. मोंतेपुल्चानो गावातली ‘व्हीनो नोबिले’ही मुख्यतः सांजोवेझेचीच. ‘मोंतेपुल्चानो द’आब्रुत्सो’ हे मात्र वेगळ्या द्राक्षाचं, वेगळ्या प्रांतातलं प्रकरण. अकलूजच्या फ्रातेल्ली वायनरीची ‘सेत्ते’ चाखली असेल (तिच्यात हेच द्राक्ष असतं) तर सांजोवेझे तुम्हाला अगदीच परकं वाटणार नाही.

भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या आणि वर अर्ध्या लिटरची एक ‘व्हीन सान्तो’ (इथली गोड वाइन), काटेकोर बसतं. सगळं चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून.

गाडी

आरटीओकडून आंतरराष्ट्रीय परवाना काढल्याशिवाय निघू नका, आणि मूळ परवानाही जवळ ठेवा. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं लागतं. ऑटोमॅटिक हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, नाहीतर उजव्या हाताने गिअर टाकत घाट चढावे लागतील. गाडी शक्य तितकी लहान घ्या. वस्तीबाहेर दिवसाही हेडलाइट लावलेले असावे लागतात.

सगळ्यात महागडी चूक म्हणजे झेडटीएलमध्ये, म्हणजे मर्यादित वाहतुकीच्या भागात शिरणं. जुन्या शहरांच्या गाभ्यात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि वेशीवर कॅमेरे असतात. पाटी म्हणजे लाल कडेचं पांढरं वर्तुळ. जवळच्या फलकावर ‘व्हार्को आत्तिव्हो’ असेल तर बंदी चालू आहे, ‘नोन आत्तिव्हो’ असेल तर जाता येतं. नकाशा ॲपच्या भरवशावर राहू नका. गाडी तटाबाहेर लावून चालत वर जा. पार्किंगची पांढरी रेघ फुकट, निळी पैसे भरून, पिवळी आपली नव्हे. चुकून आत शिरलात आणि हॉटेल आतच असेल, तर लगेच गाडीचा नंबर काउंटरवर द्या, त्यांना तो नोंदवता येतो.

टोलनाक्यावर पिवळ्या टेलेपासच्या (आपल्या फास्टॅगसारख्या) रांगेत घुसलात तर मागे घेऊ नका. मदतीचं बटण दाबा, पावती मिळते, पंधरा दिवसांत पैसे भरायचे. पंपावर ‘सेर्व्हितो’ म्हणजे भरून देणारा माणूस आणि वरचा भाव, ‘सेल्फ’ स्वस्त. ‘गाझोलियो’ म्हणजे डिझेल. चुकीचं इंधन पडलं तर गाडी सुरूच करू नका, कंपनीला फोन लावा. पांढऱ्या कच्च्या रस्त्यांवर, ‘स्त्रादे बियांके’वर हळू चालवा, कारण भाड्याच्या विम्यात टायर आणि गाडीचा तळ बहुधा धरलेला नसतो.

परत करताना लहान शहरातली भाड्याची कार्यालयं दुपारी आणि रविवारी बंद असतात, ते आधी बघा. चारही बाजूंचे फोटो काढा. दंड झालाच असेल तर आधी कंपनी कार्डावरून काहीतरी रक्कम कापेल. ती तुमचा पत्ता पोलिसांना कळवण्याची फी असते, दंड नव्हे. खरी नोटीस त्यानंतर काही महिन्यांनी घरी येते, आणि मिळाल्यापासून पाच दिवसांत भरली तर तीस टक्के सूट मिळते.