प्रोसेस मॅपिंग शिकताय? आधी बाणांकडे बघा

प्रोसेस मॅपिंग म्हणजे एखादं काम टप्प्याटप्प्याने कसं चालतं त्याचा नकाशा: चौकोनात कामं, बाणांनी त्यांचा क्रम. नवीन मुलं असा फ्लोचार्ट तपासायला आणतात तेव्हा मी चौकोनांकडे फारसा बघत नाही. चौकोन बहुतेक बरोबरच असतात. दोन चौकोनांमधल्या बाणावर बोट ठेवून मी विचारतो, 'इथं माल किती वेळ पडून राहतो?' उत्तर क्वचितच मिळतं. सुरुवातीला मीही नेमका इथंच अडकलो होतो आणि बाहेर काढणारं कुणी नव्हतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

स्विमलेन (कोणतं काम कुणाचं ते दाखवणारे पट्टे), ॲज-इज (आज चालतं तसा नकाशा), टू-बी (पुढे हवा तसा) हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. बीपीएमएन म्हणजे असे नकाशे काढायची ठरलेली चिन्हपद्धत. तिच्या चिन्हांचा धसका घेऊ नका. 2011 ची 2.0 आवृत्ती 2013 मध्ये आयएसओ मानक झाली. तिच्यात चिन्हं भरपूर आहेत, पण रोजच्या कामाला मोजकीच लागतात. गेटवे म्हणजे वाटा फुटायची किंवा जुळायची चौकट: पॅरललमधून सगळ्या वाटा एकदम चालतात, एक्सक्लुझिव्हमधून एकच. एवढंच सांभाळा, की पॅरलल गेटवेने फोडलेल्या वाटा पॅरलल गेटवेनेच जोडायच्या. तिथं एक्सक्लुझिव्ह लावला तर पुढचं काम दोनदा सुरू होतं.

आता मूळ मुद्दा. लातूरकडची सोयाबीनची एखादी तेल मिल घ्या, दिवाळीच्या आसपासचा हंगाम. गेटवर नोंद, भरलेल्या गाडीचं वजन, नमुना, ओलावा तपासणी, भाव आणि कपात, उतराई, रिकाम्या गाडीचं वजन, पावती. प्रत्येकाला विचारा, 'तुमच्या कामाला किती वेळ लागतो?' काट्यावरचा म्हणेल पाच मिनिटं, लॅबवाला म्हणेल दहा, मुकादम म्हणेल तासाभरात गाडी रिकामी करतो. बेरीज दीड तासाच्या आसपास. आणि बाहेर लिंबाखाली बसलेला ड्रायव्हर सांगतो, 'सकाळचं आलोय साहेब, आता दिवे लागायला आले.'

दोघंही खरं बोलतात. प्रत्येक माणूस आपल्या हातातल्या कामाचा वेळ सांगतो. दोन कामांच्या मध्ये गाडी उभी असते तो वेळ कुणाच्याच कामात धरलेला नसतो, म्हणून विचारून तो कधीच कळत नाही. कागदावर त्याची जागा बाणात असते, आणि बाण आपण एका झटक्यात ओढून मोकळे होतो.

मग हा वेळ काढायचा कुठून? काट्याची पावती मागा. तिच्यावर भरलेल्या आणि रिकाम्या अशा दोन्ही वजनांच्या वेळा छापलेल्या असतात. शेजारी गेटचं रजिस्टर ठेवा. आठवड्याभराच्या पावत्या एक्सेलमध्ये टाकल्या, की गाडी आत किती वेळ होती हे कुणालाही न विचारता समोर येतं. मधले टप्पे मात्र यार्डात उभं राहूनच कळतात. तिथं दिसेल, की लॅबचा पोरगा एका गाडीचा नमुना घेऊन जातच नाही. लॅब दुसऱ्या टोकाला आहे, म्हणून चार-पाच गाड्यांचे नमुने साठले की एकदम नेतो. त्याच्या जागी तुम्ही असता तर तेच केलं असतं. पण पहिल्या गाडीने पाचवीची वाट बघितली, तो वेळ तुमच्या चौकोनात कुठंच नाही.

इथं मालक म्हणतात, ओलावा मोजायचं नवं मशीन घेऊ. थांबवा त्यांना. उतराईला हमालांची टोळी एकच असेल, तर लॅबमधून लवकर सुटलेली गाडी धक्क्यावर जाऊन थांबणार. जॉन लिटल यांनी 1961 मध्ये सिद्ध केलेला नियम पाठ करून ठेवा: आत असलेल्या गाड्या भागिले तासाला बाहेर पडणाऱ्या गाड्या, म्हणजे एका गाडीचा सरासरी मुक्काम. यार्डात 30 गाड्या आणि तासाला 6 सुटत असतील, तर 5 तास. मशीन कितीही महाग घ्या, आत 30 आणि बाहेर 6 असंच राहिलं, तर 5 चे साडेचारही होणार नाहीत. गाड्यांना वेळ ठरवून बोलवा किंवा उतराईचा वेग वाढवा. मगच आकडा हलेल.

दुसरी गोष्ट थोडक्यात. गेटवेच्या चौकटीत '12 टक्के' असा आकडा लिहू नका. हमीभाव खरेदीची ओलाव्याची मर्यादा 12 टक्के होती, 2024 च्या हंगामात केंद्राने ती 15 पर्यंत सैल केली. चौकटीत 'ओलावा मर्यादेत आहे का?' एवढंच लिहा, आकडा वेगळ्या तक्त्यात ठेवा.

स्टॉपवॉच घेऊन न सांगता हमालांसमोर उभं राहू नका. पगार कापायला आलाय असं त्यांना वाटतं, आणि एकदा तसं वाटलं की खरं कुणी सांगत नाही. आधी मुकादमाशी बोला, चहा घ्या, कशासाठी मोजतोय ते नीट समजावा. पहिले काही दिवस कुणी मोकळं बोलणार नाही. घाबरू नका, ते सगळ्यांच्याच वाट्याला येतं.

माझं ठाम मत आहे, की केबिनमध्ये मॅनेजरसमोर बसून नकाशा काढणाऱ्या सल्लागारापेक्षा अनेक हंगाम काट्यावर काढलेले मामा मोठे गुरू. सर्टिफिकेट शब्द शिकायला चांगलं, ईसीबीए (बिझनेस ॲनालिसिसचं सुरुवातीचं सर्टिफिकेट) करायचं तर करा. पण एआयला चार ओळी सांगून आकृती काढून घेत असाल तर सावध व्हा. ती सुबक येते, पण त्या पाच गाड्यांचं थांबणं तिला कुठून ठाऊक असणार? सुरुवातीला कागद आणि पेन्सिल पुरे. नंतर आकृत्या काढायला ड्रॉ डॉट आयओ किंवा कॅमुंडा मॉडेलर ही सॉफ्टवेअर फुकट आहेत.

कंपनीत ओळख नाही म्हणून अडून बसू नका. लातूर, जालना, परभणी, जवळची कुठलीही बाजार समिती गाठा. आवक, सौदा, माप, पट्टी (विक्रीच्या हिशेबाचा कागद) सगळं उघड्यावर चालतं. एखाद्या आडत्याला विचारून सकाळपासून बसा आणि एका शेतकऱ्याचा माल उतरल्यापासून पट्टी हातात पडेपर्यंत त्याच्या मागे राहा. नकाशा काढल्यावर प्रत्येक बाणावर वेळ लिहा, आणि तो पावतीवरून घेतला, स्वतः मोजला की कुणी सांगितला, तेही शेजारी लिहा. तो कागद मुलाखतीला घेऊन जा. अनुभव विचारतील तेव्हा तोच पुढे ठेवा.