विक्रीची उतरती रेषा वाचताना: नियोजन विभागात नव्याने येणाऱ्यांसाठी

वस्तूचे जीवनचक्र वाणिज्याच्या पाठ्यपुस्तकात एका पानात आटोपते: आगमन, वाढ, परिपक्वता, उतार आणि शेजारी टेकडीच्या आकाराची एक रेषा. दुचाकी उद्योगात विक्री-नियोजनाचे काम अनेक वर्षे केल्यानंतर, या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांना मी प्रथम एवढेच सांगतो की, समोर ठेवलेली रेषा नेमकी कशाची आहे हे विचारल्याशिवाय तिच्यावर मत देऊ नये. ती एका मॉडेलची असू शकते, एका तंत्रज्ञानाची असू शकते किंवा संपूर्ण वाहनप्रकाराची असू शकते, आणि या तिघांचे आयुर्मान सारखे नसते.

अभ्यासासाठी चेतक स्कूटरइतके उपयुक्त उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. बजाज ऑटोने १९६० साली पियाजिओ या इटालियन कंपनीशी तांत्रिक सहकार्य करून भारतात व्हेस्पा बनवायला घेतली; तो करार १९७१ मध्ये संपला आणि १९७२ पासून आकुर्डीच्या कारखान्यातून चेतक बाहेर पडू लागली. परवाना पद्धतीच्या त्या काळात कारखान्याने किती वाहने बनवायची यावरही सरकारी मर्यादा होती. त्यामुळे नोंदणी केलेल्या ग्राहकाला कित्येक वर्षे वाट पाहावी लागे, परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र गाडी लवकर मिळे, आणि वापरलेली स्कूटरही नव्या स्कूटरच्या अधिकृत किमतीहून महाग विकली जाई. म्हणजे त्या वर्षांतील विक्रीचे आकडे कारखान्याची परवानाप्राप्त क्षमता दाखवतात. खरी मागणी किती होती हे प्रतीक्षायादीवरून आणि जुन्या गाडीच्या भावावरूनच ताडावे लागते. पाठ्यपुस्तकातील ‘वाढीचा टप्पा’ या आकड्यांवर बेतायला गेल्यास निष्कर्ष चुकतो.

पुढील उताराची कारणेही एकावर एक साचलेली आहेत. १९८४ मध्ये कायनेटिक होंडा आली आणि बटण दाबून सुरू होणारी, गिअर नसलेली स्कूटर लोकांनी पाहिली. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० ही चार-स्ट्रोक मोटारसायकल आली, आणि कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर हा हिशेब ग्राहकाच्या तोंडी बसला. खराब रस्त्यांवर मोठी चाके सोयीची असल्यामुळे लहान गावांतील ग्राहकही मोटारसायकलकडे वळला, आणि नव्वदचे दशक संपण्यापूर्वीच मोटारसायकलींची विक्री स्कूटरच्या पुढे गेली. चेतकच्या दोन-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलबरोबर तेलही जाळणाऱ्या, इंजिनाला प्रदूषणाचे कडक होत जाणारे निकष जड गेले ते वेगळेच. चेतकचे उत्पादन नव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास थांबले आणि २००९ च्या अखेरीस कंपनीने स्कूटरमधूनच बाहेर पडण्याचा निर्णय जाहीर केला. कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष राहुल बजाज यांनी त्या निर्णयाबद्दल आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली होती.

गंमत अशी की याच दशकात, २००१ साली आलेल्या, गिअर नसलेल्या चार-स्ट्रोक होंडा अ‍ॅक्टिव्हाने स्कूटर हा वाहनप्रकार पुन्हा वर नेला. उतरली होती ती हाताने गिअर बदलायची दोन-स्ट्रोक स्कूटर. एकूण स्कूटरविक्रीची १९९९ पर्यंतची रेषा पुढे तशीच ओढणाऱ्याला हा फरक दिसणे शक्य नव्हते. दुसरीकडे, २००१ मध्येच बाजारात आलेल्या पल्सर या मोटारसायकलमुळे बजाजला मोटारसायकलीत भक्कम जागा मिळाली होती. म्हणून स्कूटर सोडण्याचा निर्णय निव्वळ चूक होता असे मी म्हणणार नाही, पण मुलाखतीत हा प्रश्न आला तर दोन्ही बाजू मांडता आल्या पाहिजेत.

प्रत्यक्ष कामात पहिली सवय लावून घ्यावी ती आकड्याचा उगम तपासण्याची. ‘सियाम’ ही वाहन उत्पादकांची संघटना जे विक्रीचे आकडे देते ते मुख्यतः कारखान्यातून विक्रेत्याकडे गेलेल्या गाड्यांचे असतात, तर विक्रेत्यांची संघटना ‘फाडा’ वाहन नोंदणीच्या आधारे ग्राहकाच्या हाती गेलेल्या गाड्या मोजते. या दोहोंतील अंतर काही महिने सलग वाढत राहिले, तर गाड्या विक्रेत्याच्या गोदामात साचत आहेत असे समजावे, मग कारखान्याची रेषा कितीही चढती असो. त्याच्या जोडीला सवलतीची रक्कम, जुन्या गाडीचा भाव आणि खरेदीदाराचे सरासरी वय पाहावे. माझ्या अनुभवात उतार प्रथम सवलतीच्या रकान्यात दिसतो आणि विक्रीच्या रकान्यात बराच नंतर. सुट्या भागांची मागणी मात्र फसवी असते: मॉडेल बंद झाल्यावरही ती वर्षानुवर्षे टिकते, कारण रस्त्यावरच्या गाड्या चालूच असतात.

विजेवर चालणारी चेतक जानेवारी २०२० मध्ये आली. नाव आणि आकुर्डी हा पत्ता तोच असला तरी तिचे आकडे जुन्या चेतकच्या तक्त्याला जोडू नयेत. ग्राहक, किंमत आणि स्पर्धक सगळेच निराळे आहेत. शिवाय या नव्या रेषेवरही सरकारी धोरणाचा हात आहेच. विद्युत दुचाकींवरील केंद्रीय अनुदानाची कमाल मर्यादा १ जून २०२३ पासून वाहनाच्या किमतीच्या ४० टक्क्यांवरून १५ टक्क्यांवर आली. त्याआधी, मे महिन्यात, लोकांनी घाईने गाड्या घेतल्या आणि जूनमध्ये नोंदणी एकदम खाली आली. त्या दोन महिन्यांचा आलेख काढताना अनुदान बदलाची तारीख उभ्या रेघेने दाखवावी आणि मगच तो वरिष्ठांसमोर ठेवावा.